हिमोफिलियात एकच औषध एकाला लागू पडतं अन् दुसऱ्याला नाही, असं कामून? घरचे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी परभणी जिल्ह्यातला, दोन लेकरांचा बाप, दोघांनाही हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ नावाचं प्रोटीन शरीरात पुरेसं बनत नाही, दोघंही सिव्हियर, म्हणजे सगळ्यात जोराचा. गेल्या दहा-अकरा वर्षांत घाटीच्या, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्याच्या, रांगेत, रेल्वेत, फोनवर कितीतरी आईबापांनी मला हेच प्रश्न विचारलेत अन् मी स्वतः डॉक्टरांना हेच विचारून विचारून भंडावून सोडलेलं आहे, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. डोस, औषध बदलणं, थांबवणं हे तुमच्या रक्तविकाराच्या डॉक्टरांनाच विचारून करायचं.

एकाच घरातली दोन लेकरं, एकच आजार, एकच फॅक्टर. मग फरक का पडतो?

हा प्रश्न माझ्याच घरातला आहे. थोरल्याला चौदाव्या महिन्यात पडून जीभ कापली, रक्त थांबेना, दहा दिवस रोज फॅक्टर द्यावं लागलं. त्यानंतर काही महिन्यांनी गुडघा सुजला, आम्ही नेहमीसारखं फॅक्टर दिलं, सकाळी बघतो तर गुडघा तसाच टम्म अन् हात लावला की गरम. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा, सूज ढिम्म हलेना. टेस्ट केली तर इन्हिबिटर, म्हणजे फॅक्टरला निकामी करणारी अँटिबॉडी निघाली, १८ बेथेस्डा युनिट (ती मोजायचं माप). धाकट्याचे शंभराच्या वर डोस झाले, आजपर्यंत त्याचा इन्हिबिटर रिपोर्ट निगेटिव्ह. दोघांच्या जीनमधला बिघाड मात्र अगदी एकच आहे, कारण तो एकाच आईकडून आलेला.

म्हणजे औषध कसं लागू पडेल हे ठरवणाऱ्या गोष्टी एकावर एक रचलेल्या आहेत. सगळ्यात खाली फॅक्टरच्या जीनमधला बिघाड, म्हणजे म्युटेशन. त्याच्यावर शरीराच्या प्रतिकारशक्तीचे दुसरे जीन, अन् ते दोन सख्ख्या भावांत वेगळे असू शकतात. मग रक्तगट. अन् सगळ्यात वर उपचार कधी अन् कसा सुरू झाला ते. खाली एकेक घेतो.

म्युटेशन म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

फॅक्टर आठ कसं बनवायचं याची कृती एक्स क्रोमोसोमवर लिहिलेली असते, त्या कृतीला जीन म्हणायचं. फॅक्टर आठचा जीन लई मोठा आहे, २६ तुकड्यांचा. फॅक्टर नऊचा, म्हणजे हिमोफिलिया बी वाला, त्या मानाने लहान, ८ तुकड्यांचा. कृतीत कुठं चूक झाली त्यावर पुढचं सगळं अवलंबून. कधी एखादं अक्षर बदललेलं असतं, त्याला मिसेन्स म्हणतात, त्यात फॅक्टर बनतं पण जरा वाकडं किंवा कमी. कधी मधेच 'थांबा' अशी खूण पडते, ते नॉनसेन्स. कधी अख्खा भागच गळून पडलेला असतो, ते डिलिशन.

सिव्हियर हिमोफिलिया ए मध्ये सगळ्यात जास्त सापडतं ते इंट्रॉन २२ इन्व्हर्जन. शंभरात चाळीस-पंचेचाळीस जणांना हेच असतं, माझ्या दोघांनाही हेच. १९९३ साली संशोधकांना ते सापडलं. मला समजलं ते असं: विहिरीवरनं शेतात आलेली पाइपलाइन आहे, कुणीतरी मधला लांब तुकडा कापला अन् उलटा करून जोडला. पाइप सगळा जागेवरच आहे, एक फूटसुद्धा हरवला नाही, पण पाणी शेतात पोचत नाही.

आपल्या सगळ्यांचे रिपोर्ट बहुतेक वेळा 'फॅक्टर आठ १ टक्क्याहून कमी' एवढ्यावरच थांबतात. १ च्या खाली सिव्हियर, १ ते ५ मॉडरेट, ५ ते ४० माइल्ड. ही पातळी किती कमी आहे ते सांगते, का कमी आहे ते सांगत नाही. ते म्युटेशनचा रिपोर्टच सांगतो.

सासरचे म्हणतात आईमुळं झालं. खरंय का?

हे मी मुद्दाम वरच घेतलंय. माझ्या बायकोने हे बोलणं सहा वर्षं ऐकलं अन् त्यातली पहिली दोन वर्षं मीही गप्प बसलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जीन आईकडून येतो हे खरं, पण आईने काही केलं म्हणून येत नाही. अन् इंट्रॉन २२ इन्व्हर्जनचं तर असं आहे की ही उलथापालथ जवळपास नेहमी पुरुषाच्या पेशीत, म्हणजे शुक्राणू तयार होताना घडते. म्हणजे घरात आधी कुणालाच नव्हतं अन् लेकराला हे इन्व्हर्जन निघालं, तर चूक बहुतेक करून त्या आईच्या वडिलांच्या किंवा त्याहून मागच्या एखाद्या पुरुषाच्या पेशीत झालेली असते, अन् त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो. डॉक्टरीण बाईंनी हे आमच्या आईला समोर बसवून समजावलं, कागदावर चित्र काढून. त्या दिवसापासून घरात तो विषय निघाला नाही. तुमच्याही घरात बोलणं होत असेल तर पुढच्या वेळी बोलणाऱ्यालाच दवाखान्यात सोबत न्या.

एकूण हिमोफिलियात तिसरा हिस्सा पेशंट असे असतात की ज्यांच्या घराण्यात आधी कुणालाच नव्हतं.

इन्हिबिटर म्हणजे काय अन् कुणाला होतो?

ज्याच्या शरीराने फॅक्टर आठ कधी पाहिलंच नाही, त्याला बाहेरून दिलेलं फॅक्टर परकं वाटतं. मग शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, ती फॅक्टरला धरून निकामी करते. तीच इन्हिबिटर. सिव्हियर हिमोफिलिया ए मध्ये साधारण २५ ते ३० टक्के लेकरांना होतो, हिमोफिलिया बी मध्ये खूप कमी, ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास. बेथेस्डा युनिट ५ च्या वर गेलं की हाय टायटर, म्हणजे जोराचा इन्हिबिटर.

कोणत्या म्युटेशनला जास्त धोका?

नियम एकच लक्षात ठेवा, शरीराने फॅक्टर जितकं कमी पाहिलेलं, तितका धोका जास्त.

जीनचा मोठा भाग गळालेला असेल, अन् फॅक्टरचे एकाहून जास्त डोमेन, म्हणजे मोठे भाग, त्यात गेले असतील, तर धोका सगळ्यात जास्त, अशा पेशंटांत निम्म्याहून जास्त जणांना इन्हिबिटर होतो. नॉनसेन्स त्याच्या खालोखाल. इंट्रॉन २२ इन्व्हर्जन मधे येतं, पाचात एक किंवा थोडं जास्त. मिसेन्सला कमी, सिव्हियरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास. इन्व्हर्जनमध्ये पूर्ण फॅक्टर बनत नसतानाही धोका मोठ्या डिलिशनपेक्षा कमी का, याचं संशोधकांनी दिलेलं एक कारण असं की पेशीच्या आत फॅक्टरचे दोन तुटके तुकडे बनतात, ते रक्तात येत नाहीत पण शरीराला थोडी तोंडओळख होते.

माइल्डवाल्यांनी मात्र बेफिकीर राहू नये. माइल्डमध्ये काही ठराविक मिसेन्स बदल असे आहेत की चाळिशी-पन्नाशीत ऑपरेशनच्या वेळी भरपूर फॅक्टर दिलं अन् मग इन्हिबिटर आला, असं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी म्युटेशन माहीत असलं तर डॉक्टर सावध राहतात.

मग म्युटेशन एकच असून माझ्या थोरल्याला झाला, धाकट्याला नाही, ते कसं?

भावांवर मोठा अभ्यास झालेला आहे, स्वीडनमधल्या माल्मोच्या डॉक्टरांनी सुरू केलेला. त्यात दिसलं की एका भावाला इन्हिबिटर असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता वाढते, पण दोघांना होईलच असं नाही. प्रतिकारशक्तीचे जीन, म्हणजे एचएलए, इंटरल्युकिन १०, टीएनएफ अल्फा, सीटीएलए ४ अशी नावं, यातल्या फरकांचा संबंध वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलाय. पण यांची टेस्ट करून आज कुणी उपचार ठरवत नाही, त्यामुळं कुठल्या लॅबने त्याचं पॅकेज विकायला काढलं तर पैसे घालू नका.

दुसरं कारण सुरुवातीच्या उपचाराचं. पहिल्यांदाच फॅक्टर मिळतंय अन् तेही मोठ्या रक्तस्रावात किंवा ऑपरेशनला, रोजच्या रोज, सलग पाच दिवसांहून जास्त, तर धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं आहे. थोरल्याचं तसंच झालं. धाकट्याला डॉक्टरांनी काही लागायच्या आधीच आठवड्याला थोडं थोडं फॅक्टर सुरू केलं. त्यामुळंच तो वाचला असं मी छातीठोक म्हणणार नाही. अन् थोरल्याला ते दहा दिवस फॅक्टर दिलं नसतं तर तो आज नसता, त्यामुळं ते देणं चूक नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय अन् तुम्हीही समजावा.

फॅक्टर कोणतं दिलं याचाही थोडा वाटा आहे. २०१६ मध्ये सिपेट नावाचा अभ्यास छापून आला, त्यात भारतातली लेकरंही होती. प्लाझ्मापासून बनवलेल्या फॅक्टरवर २६.८ टक्के अन् रिकॉम्बिनंटवर, म्हणजे लॅबमध्ये बनवलेल्या फॅक्टरवर, ४४.५ टक्के लेकरांना इन्हिबिटर झाला. त्यामुळं सरकारी दवाखान्यात प्लाझ्माचं फॅक्टर मिळालं म्हणून 'हलकं दिलं' असं मनात आणू नका.

फॅक्टर दिलं अन् फरक पडला नाही, म्हणजे इन्हिबिटरच का?

नाही, आधी साध्या गोष्टी बघा. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंश जातं. फॅक्टर २ ते ८ अंशात ठेवायचं असतं, काही ब्रँड ठराविक महिने ३० अंशापर्यंत चालतात, पण एसटीच्या टपाखाली पिशवीत चार तास ठेवलेली बाटली कशी राहणार? मी थर्मोकोलचा डबा, त्यात आइस पॅक, पॅक अन् बाटलीच्या मधे जाड फडकं, असं नेतो, बाटली बर्फाला चिकटून गोठली तरी खराबच. मिसळताना जोरात हलवायचं नाही, हातात धरून अलगद फिरवायचं, फेस आला नाही पाहिजे.

मग डोस. फॅक्टर आठचं दर किलोला १ युनिट दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. २० किलोच्या लेकराला ४० टक्के पाहिजे तर ४०० युनिट लागतात. स्टॉक कमी म्हणून २५० ची एकच बाटली दिली तर २५ टक्केच होणार, सूज उतरायला वेळ लागणारच. फॅक्टर नऊचं गणित वेगळं, १ युनिटला १ टक्काच धरायचा.

हे सगळं ठीक असून दोन डोसनंतरही उतार नाही, तर मात्र त्याच आठवड्यात इन्हिबिटरची टेस्ट करा. अन् काही तक्रार नसली तरी पहिल्या ५० डोसपर्यंत ही टेस्ट वारंवार व्हायला पाहिजे, कारण बहुतेक इन्हिबिटर तेवढ्यातच येतात, पहिल्या २० डोसमध्ये सगळ्यात जास्त. म्हणून प्रत्येक डोसची वहीत नोंद ठेवा. आमची वही शंभर पानी, कव्हरवर हळदीचा डाग, पण प्रत्येक बाटलीचं स्टिकर त्यात चिकटवलेलं आहे अन् मुंबईच्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी ती वही मागितली होती.

रक्तगटाचा काय संबंध?

आहे अन् फार कमी लोकांना माहीत आहे. फॅक्टर आठ रक्तात एकटं फिरत नाही, व्हॉन विलेब्रँड नावाच्या प्रोटीनचं बोट धरून फिरतं, ते नसलं की लवकर संपतं. ओ गटाच्या लोकांत हे प्रोटीन सरासरी २५ टक्क्यांनी कमी असतं. म्हणून ओ गटाच्या पेशंटात फॅक्टर आठ लवकर उतरतं. अर्धं व्हायला सरासरी १२ तास धरतात, पण कुणात ८ तासांतच, कुणात १६-१७ तास. त्यामुळं शेजारच्या गावातल्या पोराला आठवड्यात दोनदा पुरतं अन् तुमच्याला दोन दिवसांत सांधा दुखायला लागतो, तर तो नाटक करत नाहीये. लहान लेकरांत मोठ्यांपेक्षा लवकर संपतं हेही आहेच. डोस दिल्यावर ठराविक तासांनी रक्त घेऊन हे मोजता येतं, विचारा. हिमोफिलिया बी ला हे रक्तगटाचं लागू नाही.

माइल्ड असेल तर फॅक्टरशिवाय भागतं का?

डेस्मोप्रेसिन नावाचं औषध शरीरातलं साठवलेलं फॅक्टर आठ बाहेर काढतं. ज्यांचं स्वतःचं थोडं बनतं त्यांनाच उपयोग, सिव्हियरला नाही, हिमोफिलिया बी ला अजिबात नाही. अन् माइल्डमध्येही कुणाची पातळी तिप्पट होते, कुणाची हलतच नाही, ते बरंचसं म्युटेशनवर ठरतं. दात काढायच्या दिवशी पहिल्यांदा देऊन बघू नका, आधीच एकदा ट्रायल डोस देऊन पातळी तपासून घ्या.

हिमोफिलिया बी वाल्यांनी काय लक्षात ठेवायचं?

फॅक्टर नऊचा जीन बराचसा किंवा अख्खा गळालेला असेल तर इन्हिबिटरबरोबर जोराची ॲलर्जी येऊ शकते, अंगावर गांधी, दम लागणं, बीपी पडणं. म्हणून अशा लेकरांचे पहिले १०-२० डोस दवाखान्यातच घ्यावेत, घरी नाही, पीएचसीत नर्सबाई ओळखीच्या आहेत म्हणून तिथंही नाही, जिथं ॲलर्जी सांभाळायची सोय आहे तिथं.

अन् एक चांगली गोष्ट, लायडन नावाचा एक प्रकार आहे, त्यात वयात आल्यावर पातळी आपोआप वाढत जाते. सगळ्यांचं असं होत नाही, त्यामुळं कुणी 'मोठा झाला की बरा होतो' म्हणालं तर आधी रिपोर्ट बघा.

इन्हिबिटर झाला, आता पुढं?

रस्ते आहेत. रक्तस्राव थांबवायला फॅक्टर सात ए किंवा फैबा, ही फॅक्टर आठला वळसा घालून जातात. इन्हिबिटर घालवायला आयटीआय, म्हणजे रोज किंवा एकाआड एक फॅक्टर देऊन शरीराला सवय लावायची, महिनोन् महिने, खर्च अफाट. यातही जीन आडवा येतो, मोठं डिलिशन असलेल्यांत यश कमी, मिसेन्स किंवा छोट्या बदलांत जास्त.

अन् एमिसिझुमॅब. अमेरिकेत २०१७ ला मंजूर झालं. हे फॅक्टर आठ नाहीच, त्याचं काम करणारी वेगळी अँटिबॉडी आहे, त्यामुळं म्युटेशन कोणतंही असो, इन्हिबिटर असो नसो, काम करतं. कातडीखाली टोचायचं, आधी चार आठवडे दर आठवड्याला, मग आठवड्याला, दोन आठवड्यांनी किंवा चार आठवड्यांनी. फक्त हिमोफिलिया ए ला. हे चालू असताना फैबा मोठ्या प्रमाणात दिलं तर रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो, अन् एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी टेस्ट, खोटी नॉर्मल येते. त्यामुळं रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पहिलं वाक्य हेच बोलायचं की याला एमिसिझुमॅब चालू आहे. माझा थोरला या औषधावर आल्यापासून शाळेत सलग जायला लागला. पहिल्या वर्षी त्याचा गुडघा एकदाही सुजला नाही तेव्हा त्याची आई रोज रात्री तो झोपल्यावर दोन्ही गुडघे हाताने चाचपून बघायची, विश्वासच बसत नव्हता.

जीन थेरपीने कायमचं बरं होतं का?

परदेशात मंजूर झालेली आहे, मोठ्या माणसांसाठी, हिमोफिलिया बी ची २०२२ मध्ये अन् ए ची २०२३ मध्ये अमेरिकेत. बी च्या थेरपीत वापरलेला जीन पादुआ नावाचा आहे, इटलीतल्या एका घराण्यात तो सापडला, त्यांचं फॅक्टर नऊ नेहमीच्या आठपट काम करायचं. म्हणजे एका घराण्याला गुठळ्यांचा त्रास देणारा बदल दुसऱ्यांच्या उपचाराला आला. आपल्याकडं वेल्लोरच्या सीएमसीमध्ये वेगळ्या पद्धतीने, पेशंटच्याच रक्ताच्या मूळ पेशींत जीन घालून, सिव्हियर हिमोफिलिया ए च्या पाच जणांवर प्रयोग झाला, २०२४ मध्ये छापून आला, तपासणीच्या काळात पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही. त्यांची फॅक्टरची पातळी मात्र सारखी नव्हती. लेकरांसाठी अजून नाही, अन् ज्यांना इन्हिबिटर आहे ते या प्रयोगात नव्हते.

म्युटेशनची टेस्ट कुठं होते?

मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरशास्त्र संस्था आहे, एनआयआयएच म्हणतात, आयसीएमआरची. वेल्लोरलाही होते. आम्ही देवगिरीने संध्याकाळी निघालो, सकाळी दादरला उतरलो. थोडंसं रक्तच लागतं. सिव्हियर ए असेल तर आधी इन्व्हर्जन बघतात, ते नसेल तर बाकीचा जीन वाचतात. प्रत्येक वेळी पेशंटला न्यायची गरज नसते, कधी सँपल पाठवता येतं, आधी तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी अन् फोन करून घ्या. टेस्ट आयुष्यात एकदाच करायची, म्युटेशन बदलत नाही, त्यामुळं रिपोर्टचं लॅमिनेशन करा अन् मोबाइलमध्येही फोटो ठेवा.

बहिणींची, मावशीची तपासणी करायची का?

करायची. कॅरियर म्हणजे बिघडलेला जीन पुढं नुसती पोचवणारी नव्हे, काही कॅरियर बायकांची स्वतःची पातळी ४० च्या खाली असते, पाळीत अति जातं, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही. घरातल्या पेशंटचं म्युटेशन माहीत असलं की बहिणीची टेस्ट सोपी अन् स्वस्त होते. गरोदरपणात ११-१२ व्या आठवड्यात तपासणी करता येते, पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यात अशा आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे, लिंग सांगायला मात्र बंदीच.

मामाच्या पोरीशी लग्न ठरवलंय, चालेल का?

आपल्या भागात हा प्रश्न हमखास येतो. पोराला हिमोफिलिया आहे अन् मामा ठणठणीत आहे, तर मामाच्या पोरीला बापाकडून हा जीन येणार नाही. पण मामालाही हिमोफिलिया असेल तर त्याची प्रत्येक पोरगी कॅरियर असतेच. मग या जोडप्याच्या मुलांत निम्मी शक्यता हिमोफिलियाची अन् मुलींतही निम्मी, हो, मुलीलाही सिव्हियर होऊ शकतो.

हिमोफिलिया असलेल्या मामाचं भाचीशी लावत असाल तर भाची कॅरियर असायची शक्यता चारात एक. सुपारी फोडायच्या आधी भाचीची टेस्ट करा, पत्रिका नंतर बघा.

आहाराने, जडीबुटीने पातळी वाढते का?

नाही.

लेकरू आठ महिन्यांचं आहे, कालच निदान झालं. आता काय करू?

रडून घ्या, आम्हीही रडलो. मग कुणालाही कमरेत किंवा दंडात स्नायूत इंजेक्शन देऊ देऊ नका. आमच्या थोरल्याला तापासाठी तालुक्याच्या एका दवाखान्यात कमरेत दिलं होतं अन् मांडी सुजून तीन आठवडे गेले. लसी मात्र सगळ्या द्यायच्या, बारीक सुईने, शक्यतो कातडीखाली, अन् टोचल्यावर दहा मिनिटं दाबून धरायचं. एस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही, तापाला पॅरासिटामॉल.

अन् जमलं तर फॅक्टरचा पहिला डोस द्यायच्या आधीच म्युटेशनसाठी रक्त घ्यायला सांगा, त्याच सुईत, लेकराला दुसऱ्यांदा टोचायला नको.